योकिच उडत नाही, मग तो जिंकतो कशावर?

एका आईने विचारलंय: "माझा मुलगा चौदा वर्षांचा. उंची पाच फूट अकरा इंच, अंगाने जाड, पळायला संथ. त्याचे सर म्हणतात, आधी वजन उतरव, मग बॉलला हात लाव. घरी तो दिवसभर निकोला योकिचचे व्हिडिओ बघतो आणि म्हणतो, हापण माझ्यासारखाच आहे. हा योकिच नक्की कोण? आणि मुलाच्या बोलण्यात काही तथ्य आहे का?"

ताई, मुलाच्या बोलण्यात अर्धं तथ्य आहे. योकिच हा एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये डेन्व्हरकडून खेळणारा सर्बियन बास्केटबॉलपटू. उरलेलं अर्धं सांगायला मला त्याच्या गावी, सोंबोरला जावं लागेल, त्यामुळे उत्तर लांबणार. मी सत्तावीस वर्षं मुलांना बास्केटबॉल शिकवतोय, आणि त्यातली पहिली पंधरा वर्षं मी तुमच्या मुलाच्या सरांसारखंच बोलायचो. तेव्हा त्यांच्यावर रागावून हे लिहीत नाहीये.

आधी नावाचं. आपल्याकडे बरेच जण 'जोकिच' म्हणतात, पण सर्बियन भाषेत 'J' या अक्षराचा उच्चार 'य' होतो, म्हणून योकिच. अमेरिकेत त्याचं टोपणनाव मात्र 'जोकर' पडलं, ते त्या चुकीच्या उच्चाराच्याच कृपेने.

सोंबोर हे सर्बियाच्या उत्तरेला, वॉयवोदिना प्रांतात, हंगेरी आणि क्रोएशियाच्या सीमेजवळचं गाव. वस्ती पन्नास हजारांच्या आतली, सगळा सपाट शेतीचा मुलूख. मका, गहू, सूर्यफूल. १९ फेब्रुवारी १९९५ ला योकिच तिथे जन्मला. वडील शेतकी इंजिनिअर, दोन थोरले भाऊ, आजी घरात, आणि सगळे दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये. युगोस्लाव्हिया तेव्हा फुटून गेला होता. १९९९ मध्ये नाटोच्या विमानांनी सर्बियावर बॉम्ब टाकले तेव्हा हा चार वर्षांचा. सायरन वाजले की तळघरात जायचं, ही त्याच्या पिढीची बालपणीची आठवण. त्यावरून फार मोठी गोष्ट रचायची गरज नाही, तो स्वतःही रचत नाही.

मोठे भाऊ बास्केटबॉल खेळायचे म्हणून हाही खेळू लागला. पण जीव होता घोड्यांत. आपल्याला माहीत असलेली घोड्यांची शर्यत म्हणजे पाठीवर जॉकी. तिकडे आणखी एक प्रकार चालतो: घोड्याच्या मागे दोन चाकांची हलकी गाडी, त्यात माणूस बसतो, आणि घोड्याने चौखूर न उधळता दुडक्या चालीतच पळायचं. चाल मोडली की दंड. आपल्या बैलगाडा शर्यतीचा शौकीन जसा शर्यत नसली तरी गोठ्यात रमतो, तसा हा पोरगा तबेल्यात रमायचा. घोड्यांची निगा राखणारा व्हायचं, हे त्याचं लहानपणचं स्वप्न. आजही त्याचा सोंबोरला स्वतःचा तबेला आहे आणि सीझन संपला की तो थेट तिथे.

दिवसाला तीन लिटर कोला पिणारं, गुबगुबीत, जोर मारायला सांगितले तर तोंड वेंगाडणारं पोर. तुमचा मुलगा 'माझ्यासारखा' म्हणतो ते इथपर्यंत बरोबर आहे.

सोंबोरहून तो आधी नोवी सादला गेला. तिथल्या ज्युनियर सामन्यांचे आकडे वर्तमानपत्रात यायचे. मिश्को राझ्नातोविच या नावाजलेल्या एजंटाची नजर त्या आकड्यांवर पडली: कोण हा मुलगा, दर सामन्यात इतके पॉइंट आणि इतके रिबाउंड (हुकलेल्या शॉटचे परत आलेले बॉल) घेतोय? राझ्नातोविच यांनी त्याला आपल्याकडे घेतलं आणि २०१२ मध्ये बेलग्रेडच्या मेगा क्लबमध्ये आणलं. मेगा हा जेतेपदांच्या मागे लागलेला क्लब नव्हे. तरुण मुलं घ्यायची, त्यांना भरपूर खेळवायचं, मोठ्या क्लबांना किंवा एनबीएला द्यायची, असा त्यांचा धंदा. धंदाच आहे, पण त्यात मुलाला मिनिटं मिळतात. आपल्याकडे राज्य स्पर्धेच्या संघात बारावा म्हणून निवडलेला मुलगा पाच दिवस पाण्याच्या बाटल्या उचलून परत येतो, त्यापेक्षा हे बरं.

मेगात त्याला डेयान मिलोयेविच हे प्रशिक्षक भेटले, आणि माझ्या मते त्याच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी गोष्ट तीच. मिलोयेविच स्वतः बेलग्रेडच्या पार्टिझान क्लबकडून खेळलेले. रिंगखाली खेळणाऱ्याच्या मानाने उंची बेताची, पण रिबाउंडला वाघ. म्हणजे शरीर कमी पडलं तर काय करायचं, हे त्यांना पुस्तकातून शिकायची गरज नव्हती. योकिच आला तेव्हा त्याचं शरीर व्यावसायिक खेळाडूचं नव्हतं. त्याचा सुरुवातीचा बराच काळ ज्युनियर संघात आणि अंग घडवण्यात गेला. पण त्या काळात त्याच्या हातातून बॉल काढून घेतला गेला नाही. सात फुटांना एक इंच कमी असा हा सेंटर, म्हणजे रिंगजवळ खेळणारा उंच खेळाडू, बॉल घेऊन स्वतः पुढे यायचा, पोस्टवरून (रिंगजवळच्या जागेवरून) पास द्यायचा, चुकायचा, पुन्हा द्यायचा.

आता माझी गोष्ट ऐका. वीसेक वर्षांपूर्वी माझ्याकडे असाच एक उंच मुलगा होता. मी त्याला रिंगखाली उभा केला आणि एकच मंत्र दिला: बॉल मिळाला की खाली आणू नकोस, ड्रिबल करू नकोस, गार्डला (बॉल पुढे नेणाऱ्या खेळाडूला) परत दे. तीन वर्षं तो तेच करत राहिला. सामन्यात तो बॉल पकडायचा आणि लगेच माझ्याकडे बघायचा, आता काय करू म्हणून. मैदानावर चार साथीदार असताना पोरगं बाकाकडे बघतंय! बारावीनंतर त्याने खेळ सोडला. शाळेतल्या स्पर्धा आम्ही जिंकलो त्याच्या जोरावर, पण त्याला खेळाडू मी केला नाही.

हा फरक एका प्रशिक्षकाच्या चांगुलपणाचा नाही, त्यामागे परंपरा आहे. सर्बियाची लोकसंख्या साधारण ६६ लाख, म्हणजे मुंबईच्या निम्म्याहून थोडी जास्त. तिथे बास्केटबॉलला 'कोशार्का' म्हणतात. दुसऱ्या महायुद्धानंतर बेलग्रेडच्या क्र्वेना झ्वेझ्दा क्लबाभोवती चार माणसं जमली: नेबोय्शा पोपोविच, बोरिस्लाव स्टान्कोविच, राडोमिर शापेर आणि अलेक्सांदर निकोलिच. त्यांनी तिथला खेळ उभा केला. यातले निकोलिच हे तिथल्या प्रशिक्षकांचे गुरू, त्यांना 'प्रोफेसर'च म्हणत. स्टान्कोविच शिक्षणाने पशुवैद्य, पण १९७६ ते २००२ जागतिक संघटनेचे सरचिटणीस होते, आणि एनबीएचे खेळाडू १९९२ च्या ऑलिम्पिकमध्ये उतरले ते मुख्यतः त्यांच्या खटपटीमुळे. या घराण्यात मुलाला लहानपणी जागा चिकटवत नाहीत. उंच असो की बुटका, पास, पिव्हट (एक पाय रोवून वळणं), दोन्ही हातांचा ड्रिबल सगळ्यांना. योकिचच्या आधी व्लादे दिवाच होता. १९८९ ला एनबीएच्या लेकर्स संघाने निवडलेला, पास देणारा, हसरा सेंटर. (१९९६ मध्ये लेकर्सने त्याला शार्लटला देऊन बदल्यात कोबी ब्रायंट नावाचा शाळकरी मुलगा घेतला. दिवाचचं नाव आपल्याकडे लोकांना आठवतं ते एवढ्यासाठीच, याचं मला वाईट वाटतं.) तेव्हा योकिच आकाशातून पडलेला नाही. पास देणारा सेंटर ही तिथली जुनी जात आहे. हा त्यातला सगळ्यात उंच शिखरावर गेलेला.

जून २०१४ मध्ये एनबीएचा ड्राफ्ट, म्हणजे संघांनी नवे खेळाडू निवडण्याचा कार्यक्रम, झाला. डेन्व्हर नगेट्सने त्याला दुसऱ्या फेरीत, एकूण ४१ व्या क्रमांकावर घेतलं. त्याचं नाव आलं तेव्हा अमेरिकी टीव्हीवर टाको बेल या फास्टफूड साखळीची जाहिरात चालू होती, नाव पडद्याच्या खालच्या पट्टीत सरकून गेलं. तो स्वतः सर्बियात झोपला होता. न्यूयॉर्कहून भावाने फोन करून उठवलं. त्याच ड्राफ्टमध्ये डेन्व्हरने पहिल्या फेरीत बोस्नियाचा युसुफ नुर्किच घेतला होता, धिप्पाड, रिंगखालचा पैलवान. म्हणजे भावी सेंटर म्हणून त्यांच्या डोक्यात नुर्किच होता, योकिच हा बोनस. योकिच आणखी एक वर्ष मेगातच राहिला आणि २०१४-१५ मध्ये जुन्या युगोस्लाव्हियातल्या क्लबांच्या एड्रियाटिक लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. वय वीस.

डेन्व्हरला जाताना विमानात त्याने शेवटचा कोला प्यायला आणि मग सोडला, अशी गोष्ट सांगतात. तिथले फिटनेस प्रशिक्षक फेलिपे आयशेनबर्गर यांच्याबरोबर त्याची जोडी जमली. तुमच्या मुलाच्या बोलण्यातलं उरलेलं अर्धं ते इथे. व्हिडिओत ढिला दिसणारा हा माणूस सामना संपल्यावर वजनं उचलायला जातो. त्याचं पोट सपाट दिसत नाही म्हणून त्याच्यात दम नाही असं समजणाऱ्यांनी मे २०१९ चा पोर्टलँडविरुद्धचा प्लेऑफ (बाद फेरीचा) सामना बघावा. चार जादा डाव झाले. एरवी पूर्ण सामना ४८ मिनिटांचा असतो, योकिच त्या रात्री ६५ मिनिटं खेळला. डेन्व्हर हरलं, १४० विरुद्ध १३७, पण तेवढी मिनिटं ढिल्या शरीराच्या माणसाला खेळता येत नाहीत. त्याचं शरीर उडीचं नाही, टिकण्याचं आहे.

डेन्व्हरचे तेव्हाचे प्रशिक्षक मायकल मलोन यांनी आधी नुर्किच आणि योकिच दोघांना एकत्र खेळवून पाहिलं. जमेना. दोघांनाही तीच जागा हवी, एकमेकांच्या पायात पाय. योकिच बेंचवर गेला. अखेर १५ डिसेंबर २०१६ ला मलोन यांनी त्याला सुरुवातीचा सेंटर केलं आणि आक्रमण त्याच्याभोवती बांधलं. फेब्रुवारी २०१७ मध्ये नुर्किचला पोर्टलँडला देऊन टाकलं. डेन्व्हरचे लोक तो डिसेंबरचा दिवस सणासारखा मानतात, 'योकमस' म्हणतात. त्या दिवसापासून त्यांचं आक्रमण लीगमधल्या सर्वोत्तमांत जाऊन बसलं. संघात नवा माणूस आला नव्हता, फक्त बॉल कुणाच्या हातात असावा ते बदललं.

आता तो करतो काय, ते जवळून सांगतो. हे मुलाला वाचून दाखवा.

योकिच फ्री थ्रो रेषेच्या कोपऱ्यावर उभा, पाठ रिंगकडे. बॉल दोन हातांत, छातीच्या वर. जमाल मरे, त्याचा गार्ड, बाजूने धावत त्याच्याकडे येतो, जणू हातातून बॉल घेणार. मरेच्या मागच्या बचावपटूला क्षणभरात ठरवायचंय: योकिचच्या अंगाला वळसा घालून मागून जाऊ, की पुढून घुसू? मागून गेला तर मरे बॉल घेऊन तिथेच शॉट मारतो. पुढून घुसला तर योकिच बॉल देतच नाही. मरे रिकाम्या हाताने रिंगकडे वळतो आणि योकिच खांद्यावरून, मागे न बघता, जमिनीवर एक टप्पा टाकून बॉल त्याच्या पुढ्यात देतो. ले-अप, म्हणजे रिंगजवळून सोपा शॉट. आणि या दोघांकडे बघत योकिचवरच्या माणसाने एक पाऊल मागे घेतलं, तर योकिच वळून तिथूनच शॉट घेतो. एकाच जागेवरून तीन उत्तरं. यात तो उडाला का? पळाला का? दीड पाऊल हलला असेल.

तो वेगवान आहे, पण पायांनी नाही. बॉल त्याच्या हातात येण्याआधीच कुठे द्यायचा हे त्याचं ठरलेलं असतं. मरे सुटतो तेव्हा योकिच मरेकडे बघत नाही, मरेच्या बचावपटूच्या डोक्याकडे बघतो. डोकं वळलं की पास सुटतो. पुष्कळ वेळा तो रिबाउंड पकडतही नाही. हवेतच एका हाताने थोपटून साथीदाराकडे ढकलतो, किंवा परत रिंगमध्ये. बॉल खाली आणून, अंग गोळा करून, पुन्हा उडी मारायला त्याला वेळ लागला असता. तो त्या सगळ्या पायऱ्याच गाळतो.

दुसरं, मनगट. एका हाताने डोक्यावरून फेकलेले त्याचे लांब पास बघताना लोकांना वॉटर पोलो आठवतो, आणि ते उगाच नाही. सर्बियात तो लोकप्रिय खेळ आहे, त्यांच्या पुरुष संघाने २०१६, २०२० आणि २०२४ अशी लागोपाठ तीन ऑलिम्पिक सुवर्णपदकं घेतलीत. पाण्यात बॉल दोन हातांनी धरता येत नाही, म्हणून पंजा आणि मनगट. योकिचचा रिबाउंड घेऊन अर्ध्या मैदानापलीकडे दिलेला पास बघा, हात कानामागे जातो आणि बॉल जवळजवळ न फिरता जातो.

तिसरं, पाय. उजव्या हाताने शॉट घेणारा खेळाडू एका पायावर मागे झुकून मारताना सहसा डावा पाय रोवतो. योकिच उजव्याच पायावरून मागे झुकतो, डावा हवेत लटकतो, आणि बॉल डोक्यामागून कमानीत जातो. दिसायला अगदी तोल गेल्यासारखं. याला तिकडे 'सोंबोर शफल' नाव पडलंय. अडवायला कठीण, कारण बचावपटू ज्या तालाची वाट बघत असतो तो ताल येतच नाही. पण ताई, हा शॉट मुलाला आत्ता शिकू देऊ नका. माझ्याकडे दरवर्षी दोनतीन मुलं हा मारत येतात, साधा दोन पायांवरचा शॉट न येता. सोंबोर शफलच्या आधी योकिचने हजारो साधे पिव्हट घातलेत. एक पाय रोवलेला, दुसरा पुढे-मागे, बॉल हनुवटीखाली. ते व्हिडिओत येत नाही, कारण ते बघायला कंटाळवाणं आहे.

कारकिर्दीचे आकडे भरभर सांगतो, ते तुम्हाला कुठेही मिळतील. २०१८-१९ मध्ये पहिल्यांदा ऑल-स्टार. २०२० मध्ये करोनाकाळातल्या बंदिस्त प्लेऑफमध्ये डेन्व्हर दोनदा मालिकेत १-३ असं मागे पडूनही जिंकलं, युटाविरुद्ध आणि मग क्लिपर्सविरुद्ध. २०२१ मध्ये तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू म्हणजे एमव्हीपी झाला, त्या सीझनचे सगळे ७२ सामने खेळून. ड्राफ्टमध्ये इतक्या खालच्या क्रमांकावर निवडलेल्या खेळाडूला हा मान आधी कधीच मिळाला नव्हता. २०२२ मध्ये पुन्हा. त्या वेळी डेन्व्हरची मंडळी ट्रॉफी घेऊन थेट सोंबोरच्या तबेल्यात पोचली. त्याला कल्पना नव्हती. तो आपला शर्यतीच्या दोनचाकी गाडीत बसून घोडा हाकत येत होता, आणि समोर मलोन उभे. २०२४ मध्ये तिसऱ्यांदा. तीन किंवा अधिक वेळा हा मान मिळवणारा तो इतिहासातला नववा.

२०२३ च्या प्लेऑफकडे मात्र थांबायला हवं. डेन्व्हरने मिनेसोटा, फीनिक्स आणि लेकर्सना हरवलं, लेकर्सना तर ४-०. अंतिम फेरीत समोर मायामी. तिसऱ्या सामन्यात योकिचचे ३२ पॉइंट, २१ रिबाउंड, १० असिस्ट (साथीदाराला बास्केट करून देणारे पास). अंतिम फेरीत असे आकडे कुणाचेच नव्हते. त्याच सामन्यात मरेचेही ३४ पॉइंट, १० रिबाउंड आणि १० असिस्ट. १२ जून २०२३ ला डेन्व्हरने एनबीएचं पहिलं विजेतेपद घेतलं. सबंध प्लेऑफमध्ये मिळून सर्वांत जास्त पॉइंट, सर्वांत जास्त रिबाउंड आणि सर्वांत जास्त असिस्ट या तिन्ही यादीत पहिलं नाव योकिचचं होतं, आणि असं आधी कधी झालं नव्हतं. खेळाडू सहसा एका यादीत वर येतो तो दुसरीतलं काही सोडून.

आणि मग तो काय म्हणाला? काम झालं, आता घरी जाऊ. विजयाची मिरवणूक गुरुवारी आहे हे कळल्यावर त्याचा चेहरा पडला, कारण रविवारी सोंबोरला त्याच्या घोड्याची शर्यत होती. अंतिम फेरीतल्या सर्वोत्तम खेळाडूची ट्रॉफी साहित्याच्या खोलीत ठेवली होती ती सापडेना, तेही त्याने निवांत सांगितलं. बरेच लोक याला नम्रपणा म्हणतात. मला ते तितकंसं पटत नाही. २०२५ च्या उन्हाळ्यात त्याचा घोडा शर्यत जिंकला तेव्हा हाच माणूस लहान पोरासारखा रडताना दिसला. त्याला जिंकण्याचं वेड आहेच. बास्केटबॉल ही त्याची नोकरी आहे, तो ती चोख करतो, आणि जीव दुसरीकडे ठेवतो. सामन्यात लग्नाची अंगठी बुटाच्या नाडीत ओवून बांधतो, तेही बघा. नतालिया ही त्याची बायको. नतालिया शाळेपासूनची मैत्रीण. त्यांना एक मुलगी आहे.

देवमाणूस नाही तो. नोव्हेंबर २०२१ मध्ये मायामीच्या मार्कीफ मॉरिसने त्याला जोरात फाउल केला, तर याने मॉरिस पाठमोरा असताना मागून धडक मारली. मॉरिस कित्येक आठवडे खेळू शकला नाही. योकिचवर एका सामन्याची बंदी आली. मी असतो तर जास्त घातली असती. बचावात तो आजही मंद आहे. समोरचा चपळ गार्ड त्याला रिंगपासून लांब ओढतो आणि एकटं पाडतो, हे प्रत्येक संघाला माहीत आहे. डेन्व्हर त्याच्याभोवती एरन गॉर्डनसारखे पळणारे, उड्या मारणारे लोक ठेवतं ते त्यासाठीच. तेव्हा 'शरीर लागत नाही' असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. त्याच्याऐवजी दुसऱ्याचं शरीर ते काम करतं.

देशाकडून खेळताना २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये, गटातल्या सामन्यात, एकवीस वर्षांच्या योकिचने अमेरिकेविरुद्ध २५ पॉइंट केले. सर्बिया ९४-९१ ने हरलं. अंतिम सामन्यात पुन्हा अमेरिका, तिथे मात्र धुलाई झाली आणि रौप्यपदक. २०२३ च्या जागतिक स्पर्धेला तो गेला नाही, विश्रांती घेतली, आणि संघाने त्याच्याविना रौप्य आणलं. सर्बियात त्यावरून पुष्कळ बोलणं झालं. मग पॅरिस २०२४. उपांत्य सामन्यात अमेरिकेविरुद्ध सर्बिया एका वेळी १७ ने पुढे होतं, शेवटच्या डावाला सुरुवात झाली तेव्हाही १३ ने. स्टीफन करीने ३६ पॉइंट ठोकले आणि ९५-९१ ने सामना ओढून नेला. अमेरिकेच्या बाकावरचे चेहरे तेव्हा बघण्यासारखे होते, सुटलो एकदाचे असे. दोन दिवसांनी कांस्यपदकाच्या सामन्यात जर्मनीविरुद्ध योकिचचे १९ पॉइंट, १२ रिबाउंड, ११ असिस्ट. २०२५ च्या युरोपीय स्पर्धेत मात्र फिनलंडकडून लवकरच हार.

२०२४ हे वर्ष त्याला वेगळ्या कारणाने जड गेलं. मिलोयेविच तोवर गोल्डन स्टेट वॉरियर्सचे सहायक प्रशिक्षक झाले होते. जानेवारीत संघाबरोबर सॉल्ट लेक सिटीत असताना हृदयविकाराचा झटका आला आणि १७ जानेवारीला ते गेले. वय ४६. बेलग्रेडच्या त्या छोट्या हॉलमध्ये जाडजूड मुलाच्या हातात बॉल ठेवणारा माणूस. मेगाचा हॉल मी पाहिलेला नाही, पण त्या बातमीच्या दिवशी संध्याकाळी आमच्या सिमेंटच्या कोर्टवर मी सराव जरा उशिरा सुरू केला.

पुढच्या सीझनमध्ये, २०२४-२५ ला, योकिचची सरासरी होती २९.६ पॉइंट, १२.७ रिबाउंड, १०.२ असिस्ट. म्हणजे सबंध सीझनभर तिन्हीत दोन आकडी. याआधी ऑस्कर रॉबर्टसन आणि रसेल वेस्टब्रूक या दोन गार्डनाच ते जमलं होतं, सेंटरला कधीच नाही. मार्चमध्ये फीनिक्सविरुद्ध एका रात्रीत ३१ पॉइंट, २१ रिबाउंड, २२ असिस्ट. बावीस असिस्ट म्हणजे रिंगजवळच्या माणसाने बावीस वेळा दुसऱ्याला बास्केट करून दिलं. माझ्या त्या उंच मुलाचे तीन वर्षांत मिळून तेवढे झाले नसतील, आणि दोष त्याचा नव्हता.

आता तुमच्या मुलाकडे येतो. वजन उतरवायला हवंच, चौदाव्या वर्षी गुडघ्यांवर तेवढा भार बरा नाही, आणि सरांचं तेवढं बरोबर आहे. चूक आहे ती 'आधी' आणि 'मग' या शब्दांत. दोन्ही बरोबर चालू द्या. सरांशी भांडू नका. त्यांना इतकंच विचारा, सरावाची शेवटची पंधरा मिनिटं याला फ्री थ्रो रेषेपाशी बॉल देऊन उभा कराल का, आणि बाकीच्यांनी त्याच्याभोवती कट मारायचे, म्हणजे रिंगकडे धावत सुटायचं.

घरी करायला एक साधा प्रकार आहे. आम्ही याला 'बोटं' म्हणतो. मुलगा भिंतीकडे तोंड करून उभा. तुम्ही किंवा त्याचा मित्र मागे चार पावलांवर. मित्राने हाक मारायची आणि त्याच क्षणी बॉल टाकायचा, दुसरा हात वर करून काही बोटं दाखवायची. मुलाने वळून, बॉल हातात येण्याआधी बोटांचा आकडा मोठ्याने सांगायचा आणि मगच पकडायचा. पहिल्या आठवड्यात बॉल नाकावर बसेल, म्हणून हलका बॉल घ्या. जमायला लागलं की तीन बोटं म्हणजे डावीकडे पास, दोन म्हणजे उजवीकडे, असं वाढवा. रोज पन्नास वेळा, वीस मिनिटं लागत नाहीत. उन्हाळ्याच्या सुट्टीत माझी मुलं हे करतात तेव्हा शेजारच्या इमारतीतले लोक खिडकीतून "चार! दोन! चार!" ओरडतात.

व्हिडिओ बघू द्या, पण दोन-दोन मिनिटांच्या तुकड्यांऐवजी एक पूर्ण सामना बघायला लावा. २०२३ च्या अंतिम फेरीतला तिसरा सामना चालेल. त्यात बॉल नसताना योकिच कुठे उभा राहतो तेवढंच वहीत लिहून काढायला सांगा. अर्धा सामना झाला की तो कंटाळेल. मग उरलेला दुसऱ्या दिवशी.

आणि कोला. तीन लिटरची गोष्ट त्याने तुम्हाला नक्कीच ऐकवली असेल. विमानातल्या शेवटच्या बाटलीची ऐकवली होती का, विचारा.